फोटो अडकला, निरोप पोचला

सदर : मामाची ओसरी



या वेळची गोष्ट आमच्या घरातलीच आहे. माझ्या बहिणीचे सासर परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका लहानशा गावात. गाव मोठे छान! पण मोबाईलला रेंज हवी असेल तर घरात बसून चालत नाही, मारुतीच्या पारावर जाऊन उभे राहावे लागते.

मागच्या श्रावणात एका रात्री तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या छातीत दुखू लागले. अंगाला दरदरून घाम, डावा हात भरून आलेला. माझा भाचा नववीत आहे. तो फोन घेऊन तसाच अनवाणी पारावर पळाला आणि त्याने १०८ क्रमांक लावला. रुग्णवाहिका आली. डॉक्टरांनी आबांना तारा लावून इसीजी काढला, औषध दिले आणि गाडी परभणीच्या वाटेला लागली.

वाटेत डॉक्टरांनी इसीजीच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि परभणीच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला. पण फोटो जाईना! पडद्यावर ते गोल चक्र नुसते फिरत राहिले. मग डॉक्टरांनी साधा एसएमएस लिहिला. आबांचे वय, नाडी, रक्तदाब, हार्ट अटॅकची शंका आणि ‘४० मिनिटांत पोचतो’. तो मात्र गेला! गाडी दारात थांबली तेव्हा स्ट्रेचर, नर्सबाई, इंजेक्शन सगळे तयार होते. आबा आज ओसरीवर बसून त्या रात्रीची हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगतात.

दिवाळीत मी तिकडे गेलो, तर भाच्याने मला धरलेच.

“मामा, फोन तोच, गाडी तीच. मग फोटो काहून गेला नाही आणि एसएमएस कसा गेला?”

धाकटी भाची म्हणाली, “आणि आपण गाडीत एकदम भारी यंत्र बसवलं तर? थेट व्हिडिओच दिसला पाहिजे डॉक्टरांना!”

प्रश्न लाखमोलाचा होता. मी म्हटले, “आणा कागद-पेन्सिल. आज आपणच रुग्णवाहिकेसाठी यंत्रणा निवडू.”

घाई कशाची?

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होते. रक्त मिळाले नाही की हृदयाचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, किंवा नळीत बारीक तार घालून ती मोकळी करता येते. पण जितका उशीर, तितका स्नायू कायमचा गेला. म्हणून रोगी पोचायच्या आधी त्याची माहिती पोचली, तर दवाखान्यातली तयारीची मिनिटे वाचतात.

ही कल्पना आजची नाही बरे का! इसीजीचे जनक विलेम आइंटहोवेन यांनी १९०५ मध्येच हॉलंडमधल्या लायडन गावी दवाखान्यातल्या रोग्याचा इसीजी टेलिफोनच्या तारेने दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. त्यांचे यंत्रच इतके अवजड होते, की ते रोग्याकडे नेता येत नव्हते! पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या मायामी शहरात डॉ. यूजीन नेगल यांनी अग्निशामक दलाच्या जवानांना हाताशी धरले आणि रेडिओलहरींवरून रोग्याचा इसीजी दवाखान्यात पोचवला. तार गेली, बिनतारी आली.

आपल्या महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा राज्यभरासाठी ९३७ गाड्या होत्या. राज्यातले फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात जात. गाडी कुठे आहे हे कळावे म्हणून गाड्यांत जीपीएस होते. म्हणजे जिंतूरच्या डोंगरातली हाक पुण्याला जाऊन परत जिंतूरच्याच गाडीकडे यायची, तीही बिनतारी!

आता करा हिशेब

“इसीजी म्हणजे काय रे?” मी भाच्याला विचारले.

“वाकड्यातिकड्या रेघा.”

रेघा खऱ्या, पण यंत्राच्या दृष्टीने ते नुसते आकडे असतात. अंगाला १० तारा लावून यंत्र हृदयाची वीज १२ बाजूंनी बघते. समजा, ते सेकंदाला ५०० वेळा मोजते आणि १० सेकंद मोजते. ५०० गुणिले १० गुणिले १२, झाले ६०,००० आकडे. एका आकड्याला २ बाइट जागा धरा. म्हणजे १,२०,००० बाइट, अर्थात १२० किलोबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट. तेव्हा पाठवायचे ओझे झाले ९६० किलोबिट.

आता रस्ता बघू. जुन्या २जी जाळ्यावर डेटा सेकंदाला साधारण ४० किलोबिट या चालीने जातो असे धरू. ९६० भागिले ४०, म्हणजे २४ सेकंद! इतक्या वेळात इसीजी पोचेल.

आणि फोटो? मोबाईलचा फोटो सहज ३ मेगाबाइटचा असतो. म्हणजे २४,००० किलोबिट. भागा ४० ने.

“बाप रे! ६०० सेकंद. दहा मिनिटं!” भाची ओरडली.

तेही रेंज एकदाही न तुटता. घाटातल्या वळणांवर दहा मिनिटे रेंज टिकते होय? आणि व्हिडिओला दर सेकंदाला हजारेक किलोबिट लागतात. तिथे ४० ने काय होणार? बैलगाडीत आगगाडीचा माल भरण्यासारखेच ते.

एसएमएस मात्र अवघा १४० बाइटचा. इंग्रजीत लिहिला तर त्यात १६० अक्षरे मावतात. शिवाय तो टपालासारखा आहे. मोबाईल कंपनीच्या केंद्रात तो थांबतो, समोरचा फोन सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. त्याला सलग रस्ता लागत नाही, क्षणभराची फट पुरते. त्या रात्री गाडी एखाद्या चढावर आली असेल, क्षणभर रेंज आली असेल, तेवढ्यात आबांचा निरोप निसटला!

कोणती यंत्रणा घ्यायची?

“मग मामा, सगळ्यात चांगली कोणती?”

एकेक तपासू. पोलिसांच्या गाडीत असतो तसा वायरलेस संच घेतला, तर त्याला मोबाईल कंपनीचा टॉवर लागत नाही. त्याच्या लहरी लांबीला मोठ्या. त्या डोंगराला थोड्याफार वळसा घालतात आणि लांबवर जातात. बोलायला उत्तम. पण माहिती थोडीच वाहून नेतात.

४जी मोबाईल घेतला तर इसीजीच काय, व्हिडिओही जाईल. पण टॉवर जवळ हवा. परभणी शहरात ठीक, गोदावरीकाठच्या सपाट गंगाखेडकडेही मोकळे रान आहे. जिंतूरच्या डोंगराआड मात्र लहर अडते.

उपग्रह म्हणाल, तर तो डोंगरातही दिसतो, फक्त आभाळ उघडे हवे. पण संच महाग. शिवाय काही उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच असतात. लहरीला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. इसीजीला त्याने काही बिघडत नाही, बोलताना मात्र जरा अडखळल्यासारखे होते.

भाचा डोके खाजवत म्हणाला, “म्हणजे एकही सगळीकडं चालणारी नाही!”

तेच तर! म्हणून यंत्रणा निवडताना ‘सर्वांत वेगवान कोणती’ असे विचारायचे नाही. जिल्ह्यात जिथे रेंज सगळ्यात कच्ची, त्या गावातून काय जाईल, असे विचारायचे. परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत. आठ तालुक्यांत व्हिडिओ चालला आणि नवव्यातल्या एका वाडीतून साधी नाडीही पोचली नाही, तर त्या वाडीतल्या आबांसाठी ती यंत्रणा नापासच.

मग आम्ही तिघांनी मिळून कागदावर पाच कलमे लिहिली :

१. आधी थोडके, मग मोठे. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन हे आकडे सर्वांत आधी जावेत. मग इसीजी. व्हिडिओ जमला तर.

२. इसीजीचा फोटो नको, त्याचे मूळ आकडेच पाठवावेत. ओझे २५ पटींनी कमी!

३. गाडीत एकाऐवजी दोन कंपन्यांची सिमकार्डे असावीत आणि अँटेना टपावर असावा. गाडीचे अंग पत्र्याचे, त्यात लहरी अडतात.

४. रेंज गेली तर यंत्राने माहिती जपून ठेवावी आणि रेंज येताच आपण होऊन पाठवावी. आणि पलीकडून ‘पोचले’ अशी पावती यावी. पावती नसेल तर डॉक्टरांना कळणार कसे?

५. रोग्याची माहिती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात जावी. आबांचा आजार हा आबांचा आणि डॉक्टरांचा मामला, वाटेवरच्या कुणाचा नव्हे.

भाचीने खाली सहावे कलम स्वतःच लिहिले : ‘हे सगळं बंद पडलं तर डॉक्टरांनी फोन करून बोलावं.’ मी तिची पाठ थोपटली. मोठमोठे इंजिनिअरही हे कलम कधीकधी विसरतात!

पहिला निरोप तुमचा

मुलांनो, या साखळीतली पहिली कडी ना अँटेना, ना उपग्रह. ती आहे फोन लावणारा माणूस. फोन कोणत्या टॉवरजवळ आहे एवढ्यावरून घर सापडत नाही. त्या रात्री भाच्याने घाबरून नुसते ‘लवकर या’ म्हटले नाही. त्याने गावाचे नाव, तालुका, ‘जिंतूरकडून येताना शाळेच्या पुढं डाव्या हाताला वळा, पारापाशी मी बॅटरी घेऊन उभा आहे’ असे सांगितले. आबांना शुद्ध आहे, श्वास चालू आहे, हेही सांगितले. आणि पलीकडच्यांनी ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही. हा निरोपही एसएमएसएवढाच लहान होता. पण त्यात सगळे होते.

करून पाहा

१. घरच्या मोठ्यांची परवानगी घेऊन मोबाईल ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये दोन पदर नीट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्या. काय होते? धातू लहरींना कसे अडवतो ते कळेल.

२. एसटीने गावाला जाल तेव्हा प्रत्येक थांब्यावर रेंजच्या किती रेघा दिसतात ते वहीत मांडा. तुमच्या रस्त्याचा ‘रेंजचा नकाशा’ तयार!

३. तुमच्या घराचा पत्ता खुणेसह दोन ओळींत लिहा आणि आईबाबांना दाखवून दाराजवळ चिकटवा. खाली मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. गंमत म्हणून मात्र हा क्रमांक कधीही लावायचा नाही. त्याच वेळी कुणाच्या तरी आबांचा फोन रांगेत असेल.

आणि हो, एक कोडे. आपला १२० किलोबाइटचा इसीजी सेकंदाला ९.६ किलोबिट अशा मंद वाटेने पाठवला, तर किती सेकंद लागतील? उत्तर पुढच्या अंकात. तोवर आकडेमोड चालू द्या!

तुमचा,
मामा