ऐकू येतं, पण कळत नाही

घरातल्या वयस्कर माणसांबद्दल एक वाक्य आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ‘‘त्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं!’’ लग्नाच्या हॉलमध्ये चारदा सांगितलेलं कळत नाही आणि दुपारी शांत घरात हळू बोललेलं मात्र कळतं. लबाडी म्हणायची का ही? मुळीच नाही. कान थोडे उतरलेले असतात हे खरं, पण उरलेला घात गोंगाट करतो. आणि त्यावरचा आपला नेहमीचा उपाय, म्हणजे ओरडणं, हा सगळ्यांत कुचकामी उपाय आहे.

बोलण्यातला जोर असतो स्वरांत. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो. ‘आ’, ‘ओ’ हे दणकट, खालच्या पट्टीतले. ‘स’, ‘फ’ यांची कंपनं वरची आणि ताकद कमी. वय वाढतं तसे आधी हे वरचे आवाज हरवतात. जे काही उरतात ते पंखा, मिक्सर आणि बँडवाले गिळून टाकतात. ओरडलं की फुगतात ते स्वरच. व्यंजनं बिचारी जिथल्या तिथे.

बँकेत हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनरांची रांग, डोक्यावर घरघरणारे पंखे, नोटा मोजण्याचं यंत्र आणि मध्ये काच. ‘सात’, ‘साठ’, ‘आठ’ यांतला फरक एकेका व्यंजनाचा. ‘‘सात की साठ?’’ या प्रश्नाला आजोबा ‘‘हो’’ म्हणत. मग कॅशियर ओरडायचा. आजोबांच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे साऱ्या हॉलला कळायचं. कळायचं नाही ते फक्त आजोबांना. एका विधवा बाईंनी या लाजेपायी बँकेत यायचंच सोडलं. सही केलेले कोरे चेक त्या पुतण्याच्या हाती पाठवू लागल्या. त्यात केवढा धोका होता, हे बँकेत काम केलेल्या कुणालाही कळेल. आमच्या एका हेड कॅशियरनं पुढे साधी युक्ती काढली. आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि काचेखालून सरकवायचा. ओरडा थांबला, माणसाची अब्रूही झाकली गेली.

विमानवाल्यांना ही अक्कल केव्हाच आली होती. ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही त्यांची वर्णमाला १९५६ पासून जगभर चालते. खरखरत्या रेडिओवर ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ यांची गल्लत होऊ नये म्हणून ते ‘नायनर’ म्हणतात. आवाज वाढवण्याऐवजी त्यांनी शब्दच बदलले.

चेहऱ्याचंही तसंच. गोंगाट जितका जास्त, तितकी बोलणाऱ्याचे ओठ दिसण्याची मदत मोठी, हे अमेरिकेत १९५४ साली प्रयोगानं दाखवलं गेलं. २०२० साली सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा तरण्याताठ्यांनाही ‘‘काय म्हणालात?’’ करावं लागलं. तरीही स्वयंपाकघरात पाठमोरं उभं राहून, नळ सोडून आपण सासूबाईंशी बोलतो आणि उत्तर आलं नाही की चिडतो! हल्लीची श्रवणयंत्रं समोरचा आवाज निवडून घेतात, पण ती घेऊन दिली म्हणजे आपण मोकळे झालो, हा मुलांचा समज मला पटत नाही. यंत्राला तरी समोर माणूस हवा ना?

राहता राहिला घुमणारा हॉल. हार्वर्ड विद्यापीठातल्या नव्या सभागृहात व्याख्यात्याचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, प्रतिध्वनी किती कमी होतो ते मोजलं आणि पहाटेपूर्वी परत नेऊन ठेवल्या. मऊ वस्तू आवाज शोषतात, एवढीच त्यातली गोम. आपली मंगल कार्यालयं मात्र लाद्या, काचा आणि उघड्या भिंतींची. वर डीजे!

कार्यालय ठरवताना आपण जिलबी चाखून पाहतो, पार्किंग पाहतो. पुढच्या वेळी हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळीही वाजवून पाहा. ती घुमत राहिली, तर मालकाला भाड्याआधी पडद्यांचं विचारा.