शेवटची बांधी

परवा एका मैत्रिणीने नवा फोन घेतला. तिच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पेढे वाटावेत तशी ती सगळ्यांना स्क्रीन दाखवत फिरत होती. "एकशे वीस हर्ट्झ आहे. बघ ना, किती स्मूथ!" मी नुसती मान डोलावली. आपल्याला काय कळतं त्यातलं? फ्रीलान्सरचा फोन म्हणजे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला का, ते बघायचं यंत्र.

पण दसऱ्याला मामाच्या गावी गेले आणि या हर्ट्झचा फंडा चक्क धानाच्या बांधावर उभं राहून कळला. शपथ!

मामाचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढे, चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. गावाला मामा तलाव आहे. हसू नका, माझ्या मामाचा नाही. माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे लघुरूप. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावाला 'माजी' चिकटलं. पाऊस ऐन वेळी दगा देतो तेव्हा याच तलावाचं पाणी पाटाने सुटतं आणि एका बांधीतून दुसरीत उतरत जातं. बांधी म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. मामाची बांधी सगळ्यात शेवटी. तिच्या पलीकडे जंगल.

माझा मामेभाऊ बंगळूरला स्क्रीनमागचे सर्किट डिझाइन करतो. बांधावर बसून पाण्याची वाट बघताना मी त्याला विचारलं, "दादा, हर्ट्झ म्हणजे नक्की काय रे?"

"मले सांग, शेवटच्या बांधीत पाणी केव्हा पोचते?"

"सगळ्यात उशिरा."

"बस. त्याच उशिराचा मले पगार मिळते."

मग त्याने काडीने चिखलात चौकोन काढले. स्क्रीनचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बांधी. तिचं तोंड उघडायला एक इवलासा ट्रान्झिस्टर. एक सर्किट रांगेतली सगळी तोंडं एकदम उघडतं, दुसरं प्रत्येक बांधीत हवं तेवढं व्होल्टेज ओततं. तोंड बंद, पुढची रांग. पुढची पाळी येईपर्यंत पिक्सेल ते व्होल्टेज धरून ठेवतो. फोनमध्ये अशा २४०० रांगा धरा. सेकंदाला ६० वेळा सगळं शिवार भिजवायचं, म्हणजे एका रांगेच्या वाट्याला जेमतेम ७ मायक्रोसेकंद. १२० हर्ट्झ केलं की साडेतीन. पाळी निम्मी झाली, पाट मात्र तोच!

आणि पाट काही आयतं पाणी देत नाही, आधी स्वतः भरतो. तारेचंही तसंच. तिला रोध असतो आणि तिच्यात विद्युतभारही साठतो. लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट होतो. वेळेत व्होल्टेज पोचलं नाही, तर शेवटचे पिक्सेल अर्धवट भरतात आणि रंग चुकतो.

उपाय? ॲल्युमिनियमऐवजी तांब्याची तार, रोध कमी. सुरुवातीला क्षणभर जास्त व्होल्टेज, म्हणजे टोकापर्यंत रेटा जातो. रुंद टीव्हीत रांगेला दोन्ही टोकांनी सिग्नल. अंतर निम्मं, उशीर चौथाई. आणि ट्रान्झिस्टरच बदलायचा. जपानमध्ये होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर दाखवला. नेहमीच्या अस्फटिकी सिलिकॉनपेक्षा त्यातून इलेक्ट्रॉन दहापटीहून जास्त सहज धावतात.

"मग हे सगळं इथे का नाही करत तू?" मी विचारलं. तो हसला. २०१६ मध्ये नागपूरजवळ बुटीबोरीला एलसीडी पॅनेलच्या कारखान्याचा करार झाला होता. 'दोन-तीन वर्षांत घरी येतो,' असं त्याने तेव्हा मामीला सांगून टाकलं होतं. कारखाना उभा राहिलाच नाही. मामीने तो विषय पुन्हा काढला नाही. त्याच्या खोलीला रंग तेवढा दिलेला आहे.

पाणी दुपारी चारला पोचायचं होतं. सहा वाजले. सात वाजले.

ताडोबातला वाघ आपण जिप्सीचं बुकिंग करून बघतो, फोटो टाकतो, लाइक्स मोजतो. ब्रह्मपुरीचे वाघ अभयारण्याबाहेरचे, शेताला लागून. अंधारात बांधीवर थांबणं म्हणजे काय, ते इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण धान फुलोऱ्यावर असताना पाणी चुकलं तर दाणा भरत नाही. मामाने टॉर्च आणि काठी घेतली. दादा काही न बोलता त्याच्या मागे निघाला. मामी ताटं वाढून उंबऱ्यात बसली. मला म्हणाली, "तू जेऊन घे." मी कशी जेवणार?

पावणेदहाला दोघं आले, गुडघ्यापर्यंत चिखलात. पाणी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा पाटाच्या वरच्या शेतकऱ्यांकडे गेला. म्हणाला, पाटातला गाळ काढू, आणि पुढची पाळी खालून सुरू करू. टोकाला दिवसा पाणी, वरच्यांना नंतर. एकजण लगेच हो म्हणाला. दुसरा म्हणाला, "पाहू." साडेतीन मायक्रोसेकंदांचा हिशेब जमवणारा माझा भाऊ त्या एका 'पाहू'पुढे हात जोडून उभा होता.

पुण्याला परतल्यावर मैत्रिणीने पुन्हा फोन पुढे केला. खरंच स्मूथ आहे हो! पण माझी नजर आपोआप सगळ्यात खालच्या रांगेवर गेली. पोचलं होतं. वेळेवर.