डॉक्टर कोणते, दवाखाना कुठला?

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, ते दिवस आठवतात? नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती आणि मोठ्या मुलांची टोचणी शाळेतच व्हायची होती. आमच्याकडे त्यासाठी पालकसभा ठेवली. पण सभेच्या आधीच मोबाईलवर एक आवाज घरोघरी पोहोचला होता. ही लस आपल्याच मुलांना देतात, मुलींना पुढे मूल होत नाही, एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, असं तो सांगत होता.

सभेनंतर एक आई थांबली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगताय ते खरं असेल. पण आवाज मौलानासाहेबांसारखा होता."

"कोणत्या मौलानासाहेबांचा?"

"ते नाही माहीत."

"आणि डॉक्टर कोणते? दवाखाना कुठला?"

त्याचंही उत्तर नव्हतं. त्या बाईला मी दोष देत नाही. मुलीचं आयुष्य पणाला लागलंय असं कानावर पडलं तर कोणती आई घाबरणार नाही? अफवा पसरवणारा हे पक्कं ओळखून असतो. तो थेट आपल्या काळजीच्या जागी बोट ठेवतो.

खरं काय होतं? हीच मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तमिळनाडू आणि गोव्यात सुरू झाली होती, आणि तिथे सर्व धर्मांच्या मुलांना हीच लस मिळाली होती. ती पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आणि रुबेला म्हणजे काय, हे तर त्या आवाजाने सांगितलंच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर गर्भ पडू शकतो, किंवा बाळ बहिरं, मोतीबिंदू असलेलं, हृदयात दोष असलेलं जन्माला येऊ शकतं. जी लस पुढच्या पिढीला वाचवण्यासाठी आहे, तिच्यावरच वंश बुडवण्याचा आरोप!

पुढे २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली. मालेगाव आणि भिवंडीतही आली. लहान मुलं दगावली. सगळा दोष अफवेचा नव्हता. करोनाच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं, खोल्या लहान, माणसं जास्त, पोषण कमी. पण आरोग्यसेविका दारात आल्यावर जिथे दार लोटून घेतलं गेलं, तिथे ती भीती होतीच. गोवर फार झपाट्याने पसरतो. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव मुलांना लस मिळाली तरच तो थांबतो, म्हणून दहा-बारा घरांची नाराजीसुद्धा सगळ्या गल्लीला महागात पडते.

आता नाण्याची दुसरी बाजू. एप्रिल २०२० मध्ये एक व्हिडिओ देशभर फिरला. काही मुस्लिम माणसं ताटं-वाट्या चाटत आहेत, ती करोना पसरवताहेत, असा मजकूर त्याला जोडलेला होता. व्हिडिओ जुना, करोनाच्या आधीचा होता. बोहरा समाजात अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट पुसून-चाटून स्वच्छ करतात, तेच त्यात होतं. पण तेवढ्या दिवसांत कितीतरी भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिलं गेलं नाही. त्या व्हिडिओचा आपल्याला संताप आला आणि तो रास्तच होता. मात्र लसीच्या आवाजालाही तोच प्रश्न विचारायला हवा होता. आपल्याविरुद्धच्या अफवेला पुरावा मागायचा आणि आपल्या मनातल्या भीतीला पटणारी अफवा तशीच पुढे पाठवायची, हे चालणार नाही.

खरं तर हे आपल्याला नवं नाही. खबर आली की आधी तपास करा, हे सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेलंच आहे. हदीस जमवणाऱ्यांनी तर प्रत्येक रिवायतीची साखळी तपासली. कोणी कोणाकडून ऐकलं, तो माणूस कसा होता, दोघांची भेट झाली होती का? रावी अनोळखी निघाला तर रिवायत कमजोर ठरे. मग 'एका मोठ्या डॉक्टरांनी' हा कोण रावी झाला?

आठवीच्या वर्गात मी हाच धडा घेते. मुलं घरी आलेला एखादा संदेश वहीत उतरवून आणतात आणि त्याखाली लिहितात : बोलणारा कोण, कधीचं, कुठलं, आणखी कोणी छापलंय का. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आला होता ते बघतात. व्हिडिओ असेल तर एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घेतात. आवाजाला मात्र असा शोध लागत नाही, तिथे नाव आणि ठिकाण विचारणं एवढंच हाती असतं. मुलं हे पटकन शिकतात. अडचण घरी येते, कारण मोठ्या काकांना 'हे खोटं आहे' असं कसं सांगायचं? मी त्यांना सांगते, खोटं म्हणू नका, "चाचा, हे कुठून आलं?" एवढंच विचारा.

सगळं ओझं शाळेवर आणि आयांवर टाकणंही बरोबर नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे संदेश सत्तर टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे कंपन्यांनी मनावर घेतलं तर जमतं. पण खरं-खोटं सरकारने ठरवावं का? केंद्राने आपल्या कारभाराविषयीचा मजकूर तपासण्यासाठी असा विभाग नेमण्याचा नियम केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याच्याबद्दल बातमी आहे, त्यानेच शिक्का मारायचा, हे कसं?

तोपर्यंत एक काम घरातच होण्यासारखं आहे. या लसीचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. कपाटातलं लसीकरणाचं कार्ड काढा, तारखा बघा, आणि शंका असेल तर आशाताईंना विचारा. त्यांचं नाव आणि घर आपल्याला माहीत असतं.