‘अष्टपैलू’ पेडलचा भ्रम

इलेक्ट्रिक गिटारसाठी डिस्टॉर्शन पेडल निवडताना ‘अष्टपैलू’ हे विशेषण हमखास पुढे केले जाते. नॉब जितके अधिक तितके पैलू अधिक, असा त्यामागील समज. आम्हांला तो मुळातच अमान्य आहे. ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली स्पीकरचा पडदा पात्याने चिरला, तो एक विशिष्ट स्वर हवा होता म्हणून, सगळेच स्वर हवे होते म्हणून नव्हे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या प्रोको ‘रॅट’ला नॉब अवघे तीन: डिस्टॉर्शन, फिल्टर, व्हॉल्यूम. त्यातील डायोड विद्युत्-लहरींची शिखरे छाटतात. त्या छाटणीतूनच खरखर जन्मते. गिटारवरचा व्हॉल्यूम उतरवला की छाटणी कमी होते, स्वर निवळतो. चढवला की पुन्हा खवळतो. वैविध्य येते ते असे, वादकाच्या हातून. म्हणून पेडल पारखताना एकच प्रश्न विचारावा: हात हलका केला, तर ते ऐकते का? सर्व शैली ‘येणाऱ्या’ लेखकाला स्वतःची शैली असतेच असे नाही, हे आपण वर्गात शिकवतो. मग दुकानाची पायरी चढताच तो धडा का विसरावा?