पाठीची कळ आणि छातीतील धडधड

डोंगरगावच्या माणसाला पाठदुखी नवी नाही. कणकुंबीच्या परिसरात, जेथे मलप्रभा उगम पावते, पाऊस असा कोसळतो की लावणीचे दिवस चिखलात वाकूनच काढावे लागतात. त्यात डोक्यावर भारे आणि पायाखाली चढ. अशा पाठीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. परंतु पाठीच्या कळेबरोबर छातीतही धडधडू लागले, म्हणजे मन घाबरे होते. कोणी म्हणते वात, कोणी म्हणते गॅस. या दोन लक्षणांचा परस्परांशी काय संबंध असू शकतो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

पुष्कळदा हा संबंध साधा असतो. स्नायू ताणला गेला की वेदना होते. वेदनेमुळे व भीतीमुळे शरीरात अॅड्रिनॅलिन नावाचा रस स्रवतो आणि हृदय जलद चालू लागते. काळजी, अपुरी झोप, तंबाखू, वारंवार घेतलेला कडक चहा, उन्हात काम करून पाणी न पिणे, यांनीही धडधड वाढते. विश्रांती घेतल्यावर अशी धडधड सहसा शमते.

काही कारणे मात्र तपासणीवाचून उमगत नाहीत. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला थोड्या श्रमानेही धडधडते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी फाजील काम करू लागली, तर हृदयाची गती वाढते आणि कालांतराने हाडे ठिसूळ होऊन पाठ दुखू शकते. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला, तर कुशीत व पाठीत कळा येतात, थंडी वाजून ताप चढतो व नाडी जलद होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाठदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या दिवसेंदिवस घेतल्यास पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त झिरपू शकते. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला आणि धडधड सुरू झाली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता खऱ्या धोक्याविषयी. हृदयविकाराचा झटका नेहमी छातीतच दुखवितो असे नाही. विशेषतः स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना तो पाठीत, जबड्यात वा खांद्यात जाणवतो. सोबत घाम, मळमळ, दम लागणे किंवा विलक्षण थकवा असतो. रक्तदाब असलेल्या माणसाला दोन खांद्यांच्या मध्ये एकाएकी काही फाटल्यासारखी तीव्र कळ आली, तर हृदयातून निघणारी महाधमनी चिरली जात असण्याचा संभव असतो. बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ अंथरूण यांनंतर एकदम दम लागून पाठीत वा छातीत दुखले, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. या तिन्ही प्रसंगी घटका मोजण्यास वेळ नसतो.

घरी काय करावे? रुग्णास बसवून शांत करावे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. विसाव्यात प्रौढ माणसाचे ठोके सामान्यतः ६० ते १०० असतात. विसाव्यानंतरही ते १०० च्या वर राहिले किंवा अनियमित पडले, तर डॉक्टरांना दाखवावे. पण वर सांगितलेली धोक्याची चिन्हे दिसली, भोवळ आली वा हातपाय गळाले, तर नाडी मोजत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाठ चोळणे, शेक देणे आणि 'सकाळी पाहू' म्हणणे, तिन्ही टाळावे.

अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ च्या ऑक्टोबरात अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये जी योजना सुरू केली, तिचा हेतू हाच की तालुक्याच्या रुग्णालयातच ई.सी.जी. काढून तो हृदयतज्ज्ञास दाखवावा आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन वेळेवर मिळावे. परंतु रुग्ण घरातून निघालाच नाही, तर इंजेक्शनाचा काय उपयोग? कणकुंबीहून खानापूर काय, बेळगाव काय, दोन्ही दूर. आणि पावसाळ्यात वाट अधिकच लांबते. म्हणून आपण इतरांपेक्षा अगोदर निघाले पाहिजे.

भगिनींनो, लावणी उरकू दे, मग दाखवीन, असे म्हणून दुखणे लपवू नका. आणि घरच्या पुरुषांनो, ती म्हणाली नाही, तरी तिच्या चेहऱ्यावरील घामाकडे लक्ष असू द्या.