रानपिंगळ्याचा बदललेला शेरा

रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी २०१८ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ श्रेणीतून ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आला. ‘चला, वाचला एकदाचा’ असं तेव्हापासून ऐकू येतं. हा निष्कर्ष मला घातक वाटतो.

हा शेरा का बदलला, ते पाहा. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये खानदेशात शेवटचा नमुना मिळवला, त्यानंतर ११३ वर्षं या पक्ष्याची एकही खरी नोंद नाही. खोटी मात्र होती. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याचं रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो डेव्हिडसन यांचाच नमुना, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, ती नोंद बाद करून जुन्या अस्सल नमुन्यांची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. तोही दिवसाउजेडी! नमुन्यावरच्या एका बनावट चिठ्ठीने किती शोधकांना चुकीच्या रानात पाठवलं असेल, या विचाराने आजही संताप येतो.

मग अभ्यासक मेळघाट, यावल, तोरणमाळ पालथे घालू लागले. २०१४ मध्ये तर तो ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यात आढळला. संख्या घटत असलेल्या जातीचे प्रौढ २५० पेक्षा कमी आणि त्यांची घट ठरावीक वेगाची असेल तर ती अतिसंकटग्रस्त ठरते. संकटग्रस्ततेची मर्यादा २,५००. नव्या नोंदींमुळे अंदाज २५० च्या वर गेला. म्हणजे पाहणारे वाढले, म्हणून आकडा वाढला. साग कापला जातोय, वनजमीन नांगराखाली जातेय, ते थांबलेलं नाही.

वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं त्याचं स्थान या शेऱ्याने बदलत नाही, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते, आणि तोडीत आधी जातात ती अशीच ‘निरुपयोगी’ झाडं. वनविभागाने सातपुड्याच्या कार्य आयोजनेत ढोलीच्या झाडांना तोडीतून सरसकट वगळावं आणि १९९७ पासूनच्या प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. पुढचा शेरा त्या आकड्यांवर ठरू दे.