आरोग्याचा हक्क द्या, पण बिलही भरा



2025 च्या मार्चअखेर पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर रुग्णालयांच्या अनामत रकमेवरून सारे राज्य ढवळून निघाले. राजस्थानसारखा आरोग्य हक्काचा कायदा महाराष्ट्रानेही करावा, असे तेव्हापासून अनेकजण कळकळीने सांगतात. मी जयपूरला राहतो. तो कायदा आला तेव्हाचे दिवस आम्ही इथे काढले आहेत, म्हणून हे पत्र.

21 मार्च 2023 रोजी राजस्थान विधानसभेने ते विधेयक मंजूर केले. तातडीच्या रुग्णावर आगाऊ पैसे न मागता उपचार करायचे, हे त्यातले गाभ्याचे कलम. या हेतूला कोण नाही म्हणेल? अपघातग्रस्ताचा आधी जीव वाचवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यातच सांगून ठेवले आहे. खरा वाद बिलाचा होता. रुग्णाने पैसे दिले नाहीत तर सरकार भरपाई करील, असे कायद्यात लिहिले होते. पण कोणत्या दराने, किती दिवसांत, आणि 'तातडीचे' कशाला म्हणायचे, हे सगळे पुढे निघणाऱ्या नियमांवर सोडले होते. डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले, खासगी रुग्णालयांची दारे बंद झाली. जयपूरच्या सरकारी सवाई मानसिंह रुग्णालयाचे निवासी डॉक्टरही पाठिंब्यासाठी काम सोडून गेले. गरीब रुग्ण जातात तेच रुग्णालय!

4 एप्रिलला तडजोड झाली. पन्नासपेक्षा कमी खाटांची, तसेच सरकारकडून जमीन वा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्यातून वगळण्याचे ठरले. पुढे दोन वर्षे उलटली तरी नियम निघाले नाहीत.

डॉक्टरांना नुसते 'पैसेखाऊ' म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आमच्या भागात पंधरा खाटांचे एक नर्सिंग होम आहे. डॉक्टरांच्या पत्नी हिशेब सांभाळतात. एका विमा योजनेकडून परत आलेला हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा क्लेम त्यांनी मला दाखवला. शेरा होता, 'रुग्णाचा खाटेवरचा फोटो अस्पष्ट'. रुग्ण केव्हाच दौसा जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोहोचलेला. आता फोटो कुठून आणायचा? इकडे सिस्टरांचे पगार थांबत नाहीत, ऑक्सिजनवाला उधारी ठेवत नाही. अशा ठिकाणी 'आधी उपचार करा, पैशांचे नंतर बघू' हे वाक्य कसे ऐकू येत असेल, याचा विचार व्हावा. पैसे अडकण्याची ही भीती काल्पनिकही नाही. 2025 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरजीएचएस योजनेतली कॅशलेस सेवा थांबवण्याचा पवित्रा इथल्या खासगी रुग्णालयांनी थकलेल्या बिलांवरूनच घेतला होता.

हक्क जनतेचा असेल तर त्याचा खर्चही जनतेच्या तिजोरीतून व्हायला हवा. तो एका डॉक्टरच्या गल्ल्यावर टाकणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे. आणि असे दवाखाने बंद पडले की तालुक्याच्या गावात उरते काय?

राजस्थानने बाजाराचा नीट उपयोग करूनही दाखवला आहे. 2 ऑक्टोबर 2011 ला मोफत औषध योजना सुरू झाली, तेव्हा सरकारने औषध दुकानदारांना 'फुकट वाटा' असा हुकूम सोडला नाही. सरकारच्या महामंडळाने निविदा काढल्या, कंपन्यांना एकमेकींशी स्पर्धा करायला लावले, जेनेरिक औषधे घाऊक भावात घेतली आणि सरकारी दवाखान्यांतून वाटली. विकणाऱ्याला पैसे मिळाले, रुग्णाला गोळ्या मिळाल्या. जबरदस्ती कोणावरच झाली नाही.

बेशुद्ध माणूस भाव करू शकत नाही, म्हणून आरोग्यात बाजार चालत नाही, असा आक्षेप घेतला जातो. आणीबाणीपुरता तो मला पूर्ण मान्य आहे. तिथे सरकारनेच पैसे मोजावेत. पण मोतीबिंदू, गुडघा, एमआरआय, ठरलेल्या तारखेचे सिझेरियन, इथे कुटुंबाला चार ठिकाणी विचारायला वेळ असतो. विचारून उपयोग होत नाही, कारण पक्का आकडा कोणी सांगतच नाही. महाराष्ट्राच्या 2021 च्या नर्सिंग होम नियमांत दरपत्रक लावण्याची सक्ती आहे. ती कसोशीने अमलात आणली तर रुग्णाच्या हातात खरी ताकद येईल.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट मात्र निराळी. त्यांनी सवलती घेतल्या आहेत आणि त्याबदल्यात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. हा सौदा आहे. तो त्यांनी पाळलाच पाहिजे, आणि न पाळणाऱ्यांवर कठोर कारवाई व्हावी. स्वतःच्या कर्जावर दवाखाना उभारलेल्या डॉक्टरने असा कुठलाच सौदा केलेला नाही.

महाराष्ट्राने कायदा जरूर करावा. त्यात आणीबाणीची व्याख्या असावी, प्रत्येक उपचाराचा दर परिशिष्टात छापावा, तीस दिवसांत पैसे न दिल्यास सरकारने व्याज द्यावे, आणि या खर्चाची तरतूद त्याच वर्षाच्या अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दिसावी. नियम नंतर काढू, हे उत्तर आमदारांनी सभागृहात स्वीकारू नये.

एक मराठी वाचक,
जयपूर